अप्पांचा डबा

दत्तोबा सातपुते यांचा आवाज नवरात्राच्या सातव्या माळेला, दुपारी सव्वातीनला बंद पडला. "चहा छान झा" एवढंच त्यांच्या गळपट्टीतून बाहेर आलं आणि पुढचं कुठं गेलं ते कळलंच नाही. त्यांची मुलगी सारिका आतल्या खोलीत पडद्यासमोर कामाला बसली होती. तिला वाटलं, अप्पांना झोप लागली. म्हातारी माणसं वाक्याच्या मध्येच झोपतात, त्यात नवल काही नाही. हातातलं काम उरकून ती बाहेर आली तेव्हा अप्पा जागे होते. ओठ हलत होते, हनुवटीखालची कातडी वरखाली होत होती आणि आवाज म्हणून काही नव्हता. कोपऱ्यातल्या फळीवर डबा होता, त्याचा हिरवा दिवा गेला होता.

"झालं," सारिका म्हणाली. "एवढंच राहिलं होतं."

ती चिडली नव्हती. चिडायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

अकरा वर्षांपूर्वी अप्पांचं स्वरयंत्र काढून टाकलं. जन्मभर इचलकरंजीच्या मागांवर वहिफणीचं काम आणि जन्मभर गालात तंबाखू, म्हटल्यावर दुसरं काय व्हायचं. वहिफणी म्हणजे नवा बीम, ताण्याच्या दोऱ्यांचा रूळ, मागावर चढला की त्याचा एकेक दोरा आधी वहीतल्या तारांच्या डोळ्यांतून आणि मग फणीच्या दातांतून ओवून घ्यायचा. दोन-अडीच हजार दोरे, आणि त्यातला एक जरी शेजारच्याच्या जागी गेला तरी कापडभर रेघ उमटते. अप्पांच्या हातून अशी रेघ कधी उमटली नाही. तोंड मात्र फटकळ. चहात पाणी जास्त पडलं तर कप तसाच परत करायचे, आणि तो कुणी केलाय हे न बघता करायचे.

स्वरयंत्र गेलं तरी मेंदू हुकूम सोडायचं थांबत नाही. माणूस 'पाणी' म्हणायला गेला की जिभेला, हनुवटीला, गळ्याला विजेचे बारीक झटके जातात. आवाज उमटो न उमटो, झटके जायचे ते जातातच. गळपट्टी हे झटके टिपते. पण टिपून उपयोग नाही, कारण प्रत्येकाचा 'पाणी' वेगळा. कुठल्या झटक्याचा कुठला शब्द हे शिकावं लागतं आणि शिकलेलं कुठंतरी ठेवावं लागतं. ते ठेवायची जागा म्हणजे घरातला सर्व्हर. सरकारी कागदात त्याला गृहकोठार म्हणत. लोक डबा म्हणत.

डब्याला शिकवायला सहा महिने लागले. चार हजार वाक्यं एकेक करून अप्पांनी बिनआवाजी म्हटली आणि सारिकानं ती डब्याला सांगितली. त्या सहा महिन्यांपुरतीच ती पुण्याहून माहेरी आली होती. पुण्यातला संसार असाही मोडकळीला आला होता, तो नंतर मोडला. सहा महिन्यांची अकरा वर्षं झाली. आता ती चोपन्न वर्षांची होती आणि घरी बसून कापड तपासायची. कुठल्यातरी गिरणीतले कॅमेरे कापडातला दोष शोधून तिच्या पडद्यावर पाठवायचे, तिनं दोन सेकंदांत 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. उरलेल्या वेळात अप्पा.

तीन वर्षांपूर्वी अप्पांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजवा हात आणि जबडा अधू झाला. आवाज मात्र गेला नाही, उलट गोड झाला. "चहा छान झालाय." "भाजी झकास." "तुझं जेवण झालं का?" बघायला येणारे पाहुणे म्हणत, दुखण्यानं माणूस मऊ पडतो बघा. सारिकालाही ते बरं वाटायचं. आणि रोज सहाला तिनं पडदा बंद केला की बाहेरून आवाज यायचा, "दमलीस गं सारू. बस जरा घटकाभर." मग ती पलंगाशेजारच्या स्टुलावर येऊन बसायची. पाच मिनिटं, कधी दहा. दिवसभरात तेवढंच तिचं निवांत बसणं. लहानपणी अप्पांनी तिला असं काही म्हटल्याचं आठवत नव्हतं, म्हणून तर ते वाक्य तिला फार हवंसं होतं.

मुबीना बागवानचं डबे दुरुस्तीचं दुकान बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये होतं. सारिकानं कॅमेऱ्यातून डबा उघडून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "आक्का, बोर्ड जळालाय. डिस्क चांगल्या दिसतात. नवा डबा मागवतो, या डिस्क त्यात घालूया, की अप्पा बोलायला लागले."

"किती दिवस?"

"दसऱ्याच्या सुट्ट्या आहेत. आठ-दहा धरा. तोवर वायर काढून ठेवा आणि धूळ बसू देऊ नका."

तो शेवटचा सल्ला दिला नसता तर बरं झालं असतं, असं मुबीनाला पुढं वाटलं.

दोन दिवसांनी खंडेनवमी. सातपुत्यांच्या घरात आता माग नव्हता, फणी नव्हती, पण ज्याच्यावर घर चालतं ते त्या दिवशी धुवूनपुसून पुजायचं, हा अप्पांचा दंडक होता. दरवर्षी सारिका कापड तपासायच्या पडद्याला आणि डब्याला बाहेरूनच कुंकू लावायची. या वर्षी डबा बंदच होता. धूळ बसू देऊ नका असं मुबीनाही म्हणाली होती. तिनं झाकण काढलं, आत वर्षानुवर्षांची धूळ. पाचही डिस्क आपापल्या खणातून चौकटीसकट ओढून पाटावर मांडल्या, ओल्या फडक्यानं घासून पुसल्या, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. चौकटींवर स्केचपेननं काहीतरी लिहिलेलं होतं तेही निघालं. मळ निघाला की तिला समाधान वाटायचं.

अप्पा पलंगावरून बघत होते. डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटत होते, टक टक टक, आणि मान हलवत होते.

"नारळ पण फोडते अप्पा, जरा दम धरा," सारिका म्हणाली.

तिनं नारळ फोडला. टकटक चालूच राहिली. तिनं खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. अप्पांनी तो चावला नाही, गालात धरून बसले. तिनं पूजेचा फोटो काढून पुण्याला शशिकांतला पाठवला. भावानं हात जोडलेलं चित्र पाठवलं. सणाची देवाणघेवाण झाली.

नवा डबा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आला. मुबीना स्वतः आली, कारण डिस्क घराबाहेर न्यायला बंदी होती. या बंदीला कारण होतं. माणसाच्या गळ्यातून उचललेल्या खुणा हाताशी असल्या की त्याच्या आवाजात वाटेल ते बोलवून घेता येतं. सुरुवातीच्या वर्षांत अशा चोरलेल्या आवाजांनी जमिनी विकल्या, मृत्युपत्रं बदलली, सुनांना घराबाहेर काढलं. मग कायदा आला. डिस्कची नक्कल निघणार नाही, डिस्क घराचा उंबरा ओलांडणार नाही, आणि त्या चुकीच्या पद्धतीनं तीन वेळा जोडल्या गेल्या तर आपली किल्ली आपणच पुसून टाकतील. चोराला चौथी संधी नाही. घरच्यांनाही नाही, पण त्याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नसावा.

मुबीनानं पाटावरच्या डिस्क बघितल्या. कुंकवाचे ठिपके, सुकलेल्या पाकळ्या, आणि चकचकीत कोऱ्या चौकटी.

"आक्का, यांच्यावर नंबर होते."

सारिका वाकून चौकटी बघू लागली.

"एक ते पाच. मीच लिहिले होते, तीन वर्षांमागं, एक डिस्क बदलली तेव्हा."

"पुसले," सारिका म्हणाली. "खंडेनवमीला."

मुबीना खाली बसली आणि तिनं समजावून सांगितलं. एकेका डिस्कमध्ये एकेक गोष्ट असं नसतं. प्रत्येक गोष्टीचे तुकडे करून ते पाचही डिस्कांवर ओळीनं पसरलेले असतात. चार तुकडे खरे आणि पाचवा त्यांची बेरीज, म्हणजे एखादी डिस्क मेली तरी बेरजेतून बाकीचे वजा करून हरवलेला तुकडा परत मिळतो. पण बेरीज एकाच डिस्कवर नसते, पुढच्या ओळीत ती पुढच्या डिस्कवर सरकते. म्हणून कुठली डिस्क कितवी हे ठाऊक नसेल तर तुकडे हातात असूनही वाचता येत नाहीत. हल्लीचे डबे तो क्रम डिस्कवरच लिहून ठेवतात. हा जुना डबा तो आपल्या बोर्डात ठेवायचा, आणि बोर्ड जळाला होता.

"म्हणजे वहिफणी चुकली," सारिका म्हणाली.

"तसंच म्हणा. तुम्ही काढल्या कशा? कुठनं सुरुवात केली?"

सारिकानं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. सात-आठ दिवसांपूर्वीचा दिवस तिच्या डोक्यात इतर दिवसांसारखाच होता. उठणं, अप्पांची आंघोळ, स्वयंपाक, पूजा. कुठल्या हातानं काय उचललं ते कोण लक्षात ठेवतं. मग तिला फोटो आठवला. फोटोत पाचही डिस्क पाटावर ओळीनं होत्या आणि मोठं करून बघितलं तर प्रत्येकीवरचा कारखान्याचा छापील क्रमांक वाचता येत होता, म्हणजे कुठली कुठं मांडली ते कळत होतं.

मुबीनाचा चेहरा जरा उजळला. "मधली बघा. हीच मी बदललेली. तिसऱ्या खणातलीच. म्हणजे तुम्ही ओळीनं काढून ओळीनंच मांडल्यात. डावीकडनं काढल्या असतील."

त्यांनी डावीकडून लावल्या. नव्या डब्यानं थोडा वेळ गुरगुर केली आणि लाल दिवा लावला. पडद्यावर आलं, जुळत नाही, दोन प्रयत्न बाकी.

"मग उजवीकडनं," मुबीना म्हणाली. "फोटोतल्याच्या उलट्या लावू. मधली मधेच राहते बघा, तिचं काही बिघडत नाही."

उलट्या लावल्या. पुन्हा लाल. एक प्रयत्न बाकी.

मुबीनानं वायर काढली आणि हात मांडीवर ठेवले. "आता थांबायचं. मधली सोडली तर चार डिस्क, चोवीस तऱ्हा. दोन गेल्या. उरलेल्या बाविसातली एक बरोबर. मी नाही लावणार आक्का. माझ्या हातून अप्पांचा आवाज जायला नको."

"नव्यानं शिकवला तर?"

मुबीनानं पलंगाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पहिल्यांदा शिकवला तेव्हा जबडा धड होता. आता या झटक्यांवरनं नवा डबा काही शिकणार नाही. जुना ओळखीवर चालवून घेत होता."

तेवढ्यात शशिकांतचा फोन आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "सारू, तू कशाला जिवाला लावून घेतेस? तयार आवाज मिळतात आता. ठरावीक दोनशे वाक्यं असतात, बटण दाबलं की बोलतं. या वयात त्यांना अजून काय बोलायचंय?"

"तू त्यांना विचार ना."

"कसं विचारू? डबा बंद आहे ना?"

सारिकानं फोन ठेवला. डबा बंद आहे. हे भाऊ म्हणाला म्हणून तिला राग आला, आणि मग लक्षात आलं की हे सगळे दिवस ती स्वतः तेच म्हणत आली होती. अप्पांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, दिवसभर त्यांच्याशी बोलली. पण एकदाही काही विचारलं नाही. कारण विचारायचं ते डब्याला, अशी सवयच झाली होती. टक टक टक. अंगठी आत्ताही वाजत होती. ती किती वेळ वाजत होती कोण जाणे.

ती पलंगापाशी गेली. "अप्पा, तुम्हाला काही सांगायचंय?"

एक टक.

"डिस्कबद्दल?"

एक टक. जोरात.

"क्रम ठाऊक आहे तुम्हाला?"

अप्पांनी मान हलवली. हो असंही नाही, नाही असंही नाही. डावा हात पुढं केला आणि पंजा उघडला. तिला काही कळेना. मुबीना उठली, पाटावरची एक डिस्क उचलून तिनं त्या पंजात ठेवली.

अप्पांनी डिस्ककडं पाहिलंसुद्धा नाही. छतावर नजर लावून त्यांनी अंगठा चौकटीच्या मुठीखाली घातला. बाहेर ओढायला जी प्लॅस्टिकची मूठ असते ती आतून पोकळ होती. तिथं फडकं पोचत नाही आणि कुणाचं बोट जायचं कारणही नाही. अंगठा आत काहीतरी चाचपत राहिला. मग त्यांनी दांडीवर अंगठी आपटली. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. आणि थांबले.

सारिकानं मुठीखाली बोट घातलं. आत दोरा होता. मळानं आणि तेलानं प्लॅस्टिकच्याच रंगाचा झालेला, ताण्याचा सुती दोरा, पक्का बांधलेला. त्यावर गाठी होत्या. तिनं बोटानं मोजल्या, चार भरल्या.

अकरा वर्षांपूर्वी डबा घरात आला त्या दिवशी अप्पा दुपारभर त्याच्यापुढं मांडी घालून बसले होते, ते तिला आत्ता आठवलं. ती तेव्हा म्हणाली होती, त्या यंत्राला काय करताय? आवाज नुकताच गेला होता, त्यामुळं त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. पण उत्तर तिला तोंडपाठ होतं. शाईचा काय भरवसा, गाठ बोटाला कळते. लहानपणी हे वाक्य तिनं इतकं ऐकलं होतं की ते घरातल्या भांड्यांच्या आवाजात जमा झालं होतं.

मुबीनानं दुसरी डिस्क दिली. पाच वेळा टक. तिसरी, एक. चौथी, दोन. मधल्या, बदललेल्या डिस्कला दोरा नव्हता. अप्पांनी ती चाचपली आणि तोंड वाकडं केलं.

"ती माझी चूक," मुबीना म्हणाली. "जुनी दोऱ्यासकट टाकली. पण ती तिसरी, हे नक्की."

त्यांनी फोटोशी ताडून बघितलं. पाटावर एक, दोन, तीन, आणि मग पाच, चार. सारिका कपाळाला हात लावून बसली. आता सगळं आठवलं. तीन डिस्क काढल्यावर कुकरची शिट्टी झाली होती. ती आत जाऊन गॅस बंद करून आली आणि उरलेल्या दोन दुसऱ्या बाजूनं काढल्या. अप्पा दांडी बडवत होते ते नारळासाठी नव्हे. कुठल्याही वहिफणीवाल्यानं तेच केलं असतं.

शेवटच्या प्रयत्नाचं बटण दाबायला मुबीना तयार होईना. "घरचं माणूस दाबेल," ती म्हणाली. सारिकानं दाबलं. डबा गुरगुरला. लाल दिवा लागायला जेवढा वेळ लागला होता तेवढा गेला, मग त्याच्या दुप्पट गेला. मग हिरवा लागला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सारिका नुसती भिंतीला टेकली.

"लगेच बोलतील?"

"आधी हा तपासणी करतो," मुबीना म्हणाली. "नव्या कायद्यानं आलंय. जुन्या डब्यानं जे काही बोललंय त्यात माणसाचं स्वतःचं किती आणि डब्याचा अंदाज किती, हे दाखवावं लागतं. जुने डबे ते नोंदवायचे, पण दाखवत नव्हते."

"अंदाज म्हणजे?"

"झटके कमी पडले की तो भर घालतो. म्हणजे बघा, अप्पांनी 'पा' म्हटलं आणि जेवणाची वेळ असली तर 'पाणी' तो पुरं करतो. सगळेच करतात."

पडद्यावर वाक्यं येऊ लागली, सगळ्यात जास्त वेळा बोललेलं आधी. 'चहा छान झालाय.' एक हजार नऊशे वेळा. स्वतःचं तीन टक्के, अंदाज सत्त्याण्णव. खाली बारीक अक्षरात, टाकून दिलेले झटके: 'पां', 'पांच', 'पां'.

सारिकानं ते दोनदा वाचलं. पांचट. माणूस तीन वर्षं पांचट चहाला पांचट म्हणायला धडपडत होता आणि त्याच्याच गळ्यातून 'छान झालाय' निघत होतं. अर्धांगानंतर जबडा अधू झाला, झटके क्षीण झाले आणि डब्यानं जगातल्या चांगल्या म्हाताऱ्यांसारखं बोलायला सुरुवात केली. माणूस मऊ झाला नव्हता. दिवसभर कापडातला एक सुटलेला दोरा ती दोन सेकंदांत पकडायची, आणि घरातला हा दोष तिला तीन वर्षांत दिसला नव्हता. खरं तर तिला तो बघायचाच नव्हता.

पुढच्या ओळीवर तिची नजर आपोआप गेली. 'दमलीस गं सारू. बस जरा घटकाभर.' एक हजार बासष्ट वेळा. वेळ, संध्याकाळी सहा. स्वतःचं शून्य. अंदाज शंभर. टाकून दिलेले झटके, काही नाही.

"हे कसं?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "काही झटकाच नाही तर बोलला कशाला?"

मुबीनाला त्या वाक्याची गोष्ट ठाऊक नव्हती, म्हणून तिनं सरळ सांगितलं. "घरात रोज सहाला पडदा बंद होतो, तुमच्या पावलांचा आवाज होतो. अशा वेळी घरातली माणसं काय म्हणतात हे त्याला ठाऊक असतं. फार वेळ कुणी गप्प राहिलं की तो बोलायचा. घरात बरं वातावरण राहावं म्हणून तसे बनवले होते."

सारिकाला रडू आलं नाही. फक्त फार थकवा आला, आणि तो आजचा नव्हता. तीन वर्षं ज्या पाच मिनिटांवर ती बाकीचा दिवस ढकलत होती, ती तिला एका डब्यानं घड्याळ बघून दिली होती.

"आता हा विचारतोय, अंदाज चालू ठेवायचा का," मुबीना म्हणाली. "बहुतेक घरी ठेवतात. बंद केला तर अप्पांचं जेवढं खरं तेवढंच निघेल. एकेक शब्द, तोही ओढून ओढून. दिवसाला दहा-बारा वाक्यं झाली तरी पुष्कळ. तुमच्या मनावर आहे."

"माझ्या कशाला?" सारिका म्हणाली आणि पलंगाकडं वळली. तिला हे आजच शिकायला मिळालं होतं. "अप्पा, एक टक म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद. अंदाज चालू ठेवायचा?"

अप्पांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. टक. टक. नंतर जणू कुणाला शंका राहू नये म्हणून आणखी दोनदा आपटली.

मुबीनानं अंदाज बंद केला, गळपट्टी जोडून दिली आणि निरोप घेतला. जाताना बदललेल्या डिस्कच्या मुठीत बांधायला तिनं दोरा मागितला, तर सारिका म्हणाली, "राहू दे, ते अप्पा बांधतील."

दोघं उरली. सारिका स्टुलावर बसली. विचारू नये असं एक मन म्हणत होतं, पण ती इतकी थकली होती की कुठल्याच मनाचं ऐकायचं त्राण नव्हतं.

"अप्पा, रोज संध्याकाळी सहाला ते 'दमलीस' म्हणायचं. ते तुम्ही म्हणत होता का?"

अप्पांचा जबडा हलला. गळपट्टी खरखरली, थांबली, पुन्हा खरखरली. आवाज तोच, गोडच होता, पण मध्ये मध्ये भोकं पडलेला.

"न्हाई."

सारिकानं मान डोलावली. ठाऊकच होतं. ती उठायला लागली तसा अप्पांचा डावा हात वर झाला. अजून संपलं नव्हतं. कपाळावर घाम आला होता. पुढचा शब्द यायला एवढा वेळ लागला की तिला वाटलं, पट्टी पुन्हा बंद पडली.

"पण... तू... बसायचीस."

 तीन वर्षं हा माणूस आपल्या तोंडी घातलेले दुसऱ्याचे शब्द ऐकत पडून होता. चहाच्या वेळी त्याचा संताप होत असणार, भाजीच्या वेळी होत असणार, आणि सहाला त्यानं तो गिळला असणार. तिनं त्यांच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

दुसऱ्या दिवशी कामाचा रगाडा नेहमीचा होता. सहा वाजले. तिनं पडदा बंद केला आणि सवयीनं खुर्चीतच थांबली. बाहेरून आवाज आला नाही. येणार नव्हताच, हे ठाऊक असून ती थांबली होती. रात्रीच्या स्वयंपाकाचं बघायला हवं होतं. ती उठली, स्वयंपाकघराकडं वळली.

टक. टक. टक.

अप्पा तिच्याकडं बघत नव्हते. अधू हात डाव्या हातानं उचलून त्यांनी पोटावर ठेवला होता, अंग भिंतीकडं सरकवलं होतं, बरंच कष्टानं सरकवलं असणार, कारण चादर गोळा झाली होती. पलंगाच्या कडेला हातभर जागा झाली होती आणि ती जागा ते आता डाव्या पंजानं थोपटत होते.

सारिका जाऊन त्या जागेवर बसली. स्टुलावर नाही, पलंगावर. बाहेर शेजाऱ्यांच्या दारात कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. बऱ्याच वेळानं गळपट्टी खरखरली.

"चहा..." पट्टी थांबली. अप्पांनी आवंढा गिळला, जबडा पुन्हा कामाला लावला. "पां... चट... होता."

"उद्या घट्ट करते," सारिका म्हणाली, आणि उठली नाही.